वाक्यात उपयोग करा

८ सप्टेंबर

प्रिय दादा,

परवा फोनवर तू विचारलंस, ठकी कशी आहे, आणि मी "मजेत" एवढंच म्हणून फोन ठेवून दिला. तुला वाटलं असेल, मास्तरीण घाईत आहे. घाई कसली? फोन मधल्या खोलीत आहे आणि तुझी लेक अभ्यासाचं सोंग घेऊन दाराआड कान टवकारून बसते. तेव्हा यापुढे तिच्याबद्दल जे काय बोलायचं ते पत्रात.

तर ठकी खरोखरच मजेत आहे. वहिनी गेल्यावर तू तिला माझ्याकडे सोडलंस तेव्हा ही मुलगी जेवताना ताटातून मान वर काढत नव्हती. आता सातवीच्या वर्गात तिच्या शब्दाला वजन आहे. मी वर्गात शिरले की ती एकदा मागे वळून बघते आणि चाळीस मुलं गप्प होतात. मला आवाज चढवावा लागत नाही. शिक्षकांच्या खोलीत सगळ्या माझा हेवा करतात.

शाळेत एक नवीनच काम अंगावर पडलंय. कुणीतरी जिन्याचा कठडा खरवडला, मुलींच्या बाजूचं बेसिन फोडलं. मुख्याध्यापिका बाईंनी ठरवलं की मुलांना वाईट वागणं कळत नाही, कारण त्यासाठी त्यांच्याकडे शब्द नाहीत. म्हणून भाषेच्या तासाला 'समाजविघातक वर्तनाविषयी शब्दसंग्रह'. नाव ऐकूनच मुलं जांभया द्यायला लागली. मग मी युक्ती केली. रोज एकच शब्द द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टीवरून वाक्य करून आणायचं. पुस्तकातलं चालणार नाही.

आणि काय सांगू, वर्ग खुलला. एरवी 'समाजकंटकांनी बस फोडली' यापलीकडे मुलं जात नाहीत. आता ऐक. टोमणा: "'तुझे बूट छान आहेत, कुणाचे आहेत?' असे विचारणे म्हणजे टोमणा मारणे." अफवा: "एका मुलीच्या केसांत उवा आहेत अशी अफवा पसरली, म्हणून तिच्या बाकावर कुणी बसले नाही." वीस वर्षं शिकवतेय, इतकी नेमकी वाक्यं मला कुणी दिली नव्हती. दोन्ही ठकीची. दहापैकी दहा दिले. भाचीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून आधी दोनदा वाचली.

वर्षअखेरच्या सुट्टीत तिला न्यायला येतोयस ना? तिने बॅग कपाटावरून काढून आत्ताच पलंगाखाली ठेवली आहे. झाडू मारताना रोज मला ती ओढून बाजूला करावी लागते.

तुझी,
छोटी

•

१७ सप्टेंबर

मास्तरीणबाई,

पत्र जेवणाच्या सुट्टीत पुलाच्या चौथ्या खांबाखाली बसून वाचलं. बुटांचं वाक्य मी इथल्या दोघा-तिघांना ऐकवलं, सगळे पोट धरून हसले. माझा मुकादम म्हणाला, साहेब, पोरगी वकील होणार. मी म्हटलं, बापावर गेली आहे. दिवसभर लोखंडाच्या सांध्यातल्या चुका काढून बापाचीही जीभ तशीच झाली आहे.

आता जरा अवघड गोष्ट. सुट्टीत जमेल असं दिसत नाही. काम मागे पडलंय, आणि आमच्याकडे अजून सगळं लागायचंय. खिडक्यांना पडदेसुद्धा नाहीत. निळे घ्यायचे की पिवळे यावरून गेल्या रविवारी अर्धा दिवस वाया गेला. अशात तिला आणून कुठे ठेवू? मार्चनंतर बघू. किंवा वर्ष पूर्ण होऊ दे, मग बघू.

तिला एवढ्यात काही सांगू नकोस. उगीच तोंड पाडून बसेल आणि तुझ्या डोक्याला ताप. सुट्टी जवळ आली की मीच फोनवर काहीतरी सांगेन. मुलं चार दिवसांत विसरतात.

वाक्यं पाठवत जा. इथं करमणुकीला दुसरं काही नाही.

दादा

•

६ ऑक्टोबर

प्रिय दादा,

तुझं पत्र बावीस तारखेला मिळालं. उत्तराला उशीर झाला त्याचं कारण पुढे येईल. आधी एक विचारते. पडदे निळे की पिवळे यावर तुझा अर्धा दिवस कुणाशी बोलण्यात गेला? एकट्या माणसाचा स्वतःशी एवढा वाद होत नाही. उत्तर द्यायचं तर दे.

आता शाळेचं. मला कुणाला तरी सांगायलाच हवं आणि इथं सांगण्यासारखं माणूस नाही.

माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसते. याच वर्षी आली. तिची आई बाजाराच्या गल्लीत कपडे उसवून फिटिंग करून देते. एवढंसं दुकान, मागे एक खोली, त्यात या दोघी. वर्गात मुलीला 'उसवण' म्हणतात. हे नाव मला माहीत होतं. पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा मी हसलेसुद्धा होते, हेही लिहून ठेवते.

गेल्या शनिवारी चाळीस वह्या तपासायला घरी आणल्या. वहीत तीन रकाने आखायला सांगितले होते: शब्द, अर्थ, वाक्यात उपयोग. उसवणच्या वहीत पहिले दोन रकाने सुरेख भरले होते. तिसऱ्यात वाक्यं नव्हती. होतं ते असं, जसंच्या तसं उतरवते:

टोमणा. २ सप्टेंबर, पहिल्या तासाआधी. बूट.
अफवा. ५ सप्टेंबर, मधली सुट्टी. उवा. आईने केस कापले.
दमदाटी. ११ सप्टेंबर, जिना. बाईंना सांगितलं तर दुकानाची काच फोडू.
नासधूस. १५ सप्टेंबर, चित्रकलेचा तास. डब्यात रंगाचं पाणी.
विटंबना. १८ सप्टेंबर, मैदान. माझी चप्पल काठीवर लावून फिरवली. सगळे मागून चालत होते.

अशी दोन पानं. शेवटचा शब्द: बहिष्कार. २३ सप्टेंबरपासून. चालू आहे

दादा, ती वाक्यं नव्हती, अहवाल होते. मी सकाळी फळ्यावर शब्द लिहायचे, दुसऱ्या दिवशी तो या मुलीवर करून बघितला जायचा, आणि जमला की मी त्याला दहापैकी दहा द्यायचे. मुलांनी बूट खरंच बघितले होते. केस खरंच कापले गेले होते. केस कापून आली त्या दिवशी मी तिला म्हटलं होतं, "छान दिसतात गं." वर्गात कुणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसलं होतं.

आणि बहिष्कार हा शब्द मी दिलेलाच नाही. माझ्या यादीत तो नाही. तो त्यांनी स्वतः शोधला.

सोमवारी तिला एकटीला प्रयोगशाळेत बसवून विचारलं, कोण करतं हे? म्हणाली, "सगळे." मी म्हटलं, पण ठरवतं कोण? तिने माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, जशी आपण एखादी जागा बसण्यासारखी आहे का हे बघतो तशी. मग म्हणाली, "तुम्हाला नाही सांगणार." वही परत मागितली. मी दिली नाही.

तिने नाव घेतलं नाही तरी मला कळलं. एक मुलगी आहे. हुशार आहे, सगळ्या शिक्षकांची लाडकी आहे. नाव लिहीत नाही, शाळेची गोष्ट शाळेत राहू दे. तू दीडशे माणसं हाताखाली वागवतोस. तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस?

छोटी

•

१४ ऑक्टोबर

छोटे,

पडद्यांचं सोड. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला की तू लाल शाई काढतेस.

तुझं पत्र वाचून डोकं तापलं. यात विचार कसला करतेस? मूळ धरायचं. बाकीची एकोणचाळीस मेंढरं आहेत, त्यांच्या नादी लागू नकोस. त्या एका पोरीला वर्गापुढे उभी कर. ती वही तिच्या हातात दे आणि तिच्याच तोंडून वाचून घे, मोठ्याने. प्रत्येक ओळ झाली की सगळ्या वर्गाने म्हणायचं, "हे तू केलंस." दोन पानं संपेपर्यंत पोरगी सरळ होते की नाही बघ.

मी इथं हेच केलं होतं. एक जण नव्या पोरांची हत्यारं लपवायचा, वर गेले की शिडी काढून घ्यायचा. मी त्याला सगळ्यांसमोर शिडीवर चढवला आणि शिडी काढली. दुपारभर वर बसला होता. खाली आला तो कायमचा गरीब झाला. आठवडाभरात काम सोडून गेला, पण तो भाग वेगळा.

अंतःकरण वगैरे बाजूला ठेव. अशा पोरींना दया दाखवली की त्या ती खिशात घालतात. आणि एक सांगतो, तिच्या घरी चौकशी कर. आई नसेल नाहीतर बाप असून नसल्यासारखा असेल. पोर वाढवायला वेळ नाही आणि जगाच्या गळ्यात बांधून मोकळे. अशा बापाला शाळेत बोलावून चार गोष्टी सुनवायला हव्यात. मी तिथं असतो तर मीच सुनावल्या असत्या.

ठकीला या सगळ्यापासून लांब ठेव. ती कुणाचंही ऐकून घेते.

दादा

•

२५ ऑक्टोबर

दादा,

तू सांगितलंस तसं केलं. अगदी तसंच.

मंगळवारी तिसऱ्या तासाला त्या मुलीला पुढे बोलावलं. वही हातात दिली. वर्गाला सांगितलं, काय म्हणायचं ते. आधी कुणाच्या तोंडून आवाज फुटेना. तिने पहिली ओळ वाचली, "टोमणा, दोन सप्टेंबर, बूट," आणि वर्ग पुटपुटला, "हे तू केलंस." दुसऱ्या ओळीला आवाज वाढला. चौथ्या ओळीला मुलं बाकावर हात आपटून म्हणत होती. चप्पल काठीवर घेऊन जो पुढे चालला होता, त्याचा आवाज सगळ्यांत मोठा. त्यांना गंमत वाटायला लागली होती, आणि मला ते दिसत होतं.

ती मात्र स्पष्ट वाचत होती. स्वल्पविरामाला थांबत होती. मान ताठ. शेवटच्या ओळीशी आली, "बहिष्कार, तेवीस सप्टेंबरपासून, चालू आहे." मग वही माझ्यासमोर धरून म्हणाली, "बाई, इथं पूर्णविराम दिलेला नाही."

वर्ग हसला. महिन्यापूर्वी तो तिच्या विनोदाला हसला असता. या वेळी तो तिला हसला. तिला तो फरक तिथल्या तिथे कळला, कारण असं हसू तयार कसं करायचं हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तिचा चेहरा उतरताना मी बघितला. मग कुणीही न सांगता मुलं पुन्हा सुरू झाली, "हे तू केलंस, हे तू केलंस." मी लगेच थांबवलं नाही. घड्याळाकडे बघितलं होतं, म्हणून सांगू शकते. पाऊण मिनिट मी थांबवलं नाही.

ती मुलगी म्हणजे ठकी.

आता खुर्चीवर नीट बस आणि पुढचं वाच. तुझी पत्रं मी कपाटाच्या खणात टॉवेलांखाली ठेवते. मी कागदाला उभी घडी घालते. तुझं सप्टेंबरचं पत्र मला आडव्या घडीत सापडलं. 'मार्चनंतर बघू. तिला एवढ्यात काही सांगू नकोस. मुलं चार दिवसांत विसरतात.' हे तिने वाचलं ते बावीस तारखेला. तेवीसला बहिष्कार सुरू झाला. त्याआधीचं सगळंही तिनेच केलं, त्याचा दोष तुझ्यावर टाकत नाही. पण तोवर तो खेळ होता, निदान तिच्या लेखी. तेवीसनंतर त्या मुलीशी एकोणचाळीस जणांपैकी एकही बोललेलं नाही, आणि जो बोलेल त्याचाही नंबर लागेल असं ठकीने प्रत्येकाला एकेकटं गाठून सांगितलं होतं. पडद्यांचा अर्थ तिला माझ्याआधी लागला. रात्री जेवताना मला म्हणाली, "बाबांकडे कोणीतरी आहे. तुला कळलं नाही?"

तू विचारशील, नाव माहीत असताना मी तुझा सल्ला का मागितला, आणि पाळला का. खरं उत्तर देते. ते वाक्य मी तीनदा वाचलं, बाप असून नसल्यासारखा असेल हे. मला वाटलं, याच्याच शब्दांनी होऊ दे. ठकीला उभी करताना माझा राग तिच्यावर होता की तुझ्यावर हे मला सांगता येणार नाही. तिच्यावर निघाला एवढं खरं.

घरी येऊन तिने पलंगाखालची बॅग परत कपाटावर टाकली. स्टूल न घेता, फेकून.

छोटी

•

१ नोव्हेंबर

तुझं पत्र पोचलं.

मायन्याला काय लिहू समजत नाही म्हणून लिहीत नाही. माझ्या मुलीला तू चाळीस पोरांच्या तोंडी दिलंस आणि वर मला हिशेब विचारतेस? मी सल्ला दिला तो कुणा परक्या पोरीसाठी. तू मला नाव न सांगता फसवून तो काढून घेतलास. तुला स्वतःचं पोर नाही म्हणून हे जमलं. ज्याला असतं त्याचा हात असा चालत नाही.

आणि शब्द कुणी शिकवले? मी शिकवले? रोज सकाळी फळ्यावर काडेपेटी ठेवायची आणि आग लागली की ओरडायचं. त्या दुकानवालीच्या पोरीनेही, सांगायचं होतं तर तोंडाने सांगायचं. दोन पानं तारखा मांडत बसणारी पोरगी काही साधी नसते.

हो, मी लग्न केलंय. फेब्रुवारीत. सांगणार होतो. तिला पहिला मुलगा आहे, चार वर्षांचा, हडकुळा, कुणी मोठ्याने बोललं तरी पलंगाखाली जाऊन बसतो. आता तूच सांग, तू जी ठकी मला लिहून पाठवली आहेस ती मी या घरात कशी आणू? बायकोने तुझं पत्र वाचलं. ती मुलाला उचलून आत घेऊन गेली.

ठकीसाठी तिकडेच एखादं चांगलं वसतिगृह बघ. जे लागेल ते मी पाठवीन.

•

१९ नोव्हेंबर

दादा,

तुझ्या पत्रातल्या निम्म्या गोष्टी खऱ्या आहेत. कोणत्या निम्म्या, यावर भांडायचं त्राण माझ्यात नाही. काय झालं तेवढं सांगते.

उसवणची आई शाळेत आली. मला वाटलं, आभार मानायला. हो, इतकी मी मूर्ख. गळ्यात मोजपट्टी तशीच होती, दुकान उघडं टाकून आली असावी. बसा म्हटलं तर बसली नाही. म्हणाली, "माझ्या मुलीची वही तुम्ही सगळ्या वर्गाला वाचून दाखवलीत. तिला विचारलं होतंत?"

मी म्हटलं, तिला न्याय मिळावा म्हणून. ती म्हणाली, "तिने ते फक्त तुम्हाला लिहिलं होतं. आता प्रत्येकाला पाठ आहे. परवा गल्लीतली पोरं दुकानासमोरून ओरडत गेली, डब्यात रंगाचं पाणी, डब्यात रंगाचं पाणी." मग वही परत मागितली. मी दिली. तिने ती उघडली नाही, पिशवीत टाकली, आणि मुलीचं नाव काढल्याच्या अर्जावर उभ्यानेच सही केली. ती मुलगी आता शाळेत येत नाही. दुसरीकडे कुठे घातली की घरीच आहे, मला कळवायचं त्यांना काही कारण नाही.

मुख्याध्यापिका बाईंनी शब्दसंग्रह बंद केला. मला लेखी ताकीद मिळाली. शिक्षकांच्या खोलीत मी गेले की विषय बदलतो.

आणि ठकी. वर्गाला सवय लागली होती, दादा, आणि दुसरा बाक रिकामा झाला होता. मुलांनी ठकीला तिथं बसवलं. यादी तीच, क्रमही तोच, फक्त आता त्यांचा सराव जास्त आहे. तिच्या दप्तरात कापलेल्या केसांचं पुडकं निघालं. डबा ती नळापाशी उभी राहून खाते, मला खिडकीतून दिसतं. एकदा मी खाली जायला निघाले, तिने वर बघितलं आणि मान हलवली. येऊ नकोस. मी गेले नाही. मी गेले असते तर संध्याकाळपर्यंत चहाडी हा शब्द तिच्या वाट्याला आला असता. तिला दुसऱ्या शाळेत घालायचं म्हटलं तर म्हणते, नको.

तुझं पत्र या वेळी मी टॉवेलांखाली ठेवलं नाही. तिच्या हातात दिलं. तिने ते जेवणाच्या टेबलाशी बसून वाचलं, हडकुळ्या मुलाच्या ओळीपाशी थोडी जास्त थांबली. मग मला विचारलं, "वसतिगृहात एका खोलीत किती मुली असतात?"

मला तो प्रश्न कळला नाही. ती घाबरली होती की मोजत होती, हे मी तिच्या चेहऱ्यावरून ओळखू शकले नाही, आणि दोन वर्षं ती माझ्या शेजारी झोपते आहे.

मी तिला वसतिगृहात टाकणार नाही. ती इथंच राहील. पण यापुढे तिची खबर मी कळवणार नाही. काही विचारायचं असेल तर तिला विचार. पाकिटावर तिचं नाव लिही.

छोटी

•

२७ नोव्हेंबर

प्रिय ठके,

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. आत्याच्या पत्रात तुझा उल्लेख करून भागत होतं, ते चुकलंच.

बाळ, तू सगळं वाचलं आहेस म्हणून लपवण्यात अर्थ नाही. मी तुला आधी सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. माझं ते रागातलं पत्र तुझ्या हातात पडायला नको होतं. त्यात जे लिहिलं ते मला तसं म्हणायचं नव्हतं.

पुलाचा चौथा खांब पूर्ण झाला. आता पुलावरून चालत पलीकडे जाता येतं.

मी ठरवलंय, सुट्टी लागली की दोन दिवस तिकडे येतो. वीस तारखेच्या गाडीने. एकटाच. तुझी समोरासमोर माफी मागायची आहे. त्याशिवाय मला स्वस्थता मिळणार नाही. मग पुढचं आपण तिघं मिळून ठरवू. तुला काय आणू ते कळव.

तुझा,
बाबा

•

९ डिसेंबर

बाबांना,

तुमचं पत्र मिळालं. आत्या म्हणाली, उत्तर द्यायचं की नाही हे तू ठरव. म्हणून देते आहे.

मी बरी आहे. शाळेत आता थोडं कमी झालंय, कारण नवीन मुलगा आला आहे आणि तो अडखळत बोलतो. मी त्याला काही करत नाही. त्याला सांगतही नाही की पुढे काय होईल.

मी त्या मुलीच्या दुकानात गेले होते. आत्याने पाठवलं नव्हतं. तिच्या आईने विचारलं, काय हवंय. मी म्हटलं, माफी मागायची आहे. ती आतल्या खोलीत गेली आणि परत येऊन म्हणाली, ती भेटणार नाही. मी दुसऱ्या दिवशी परत गेले. मग परत. चौथ्या वेळी पडद्याखालून तिचे पाय दिसत होते. ती तिथंच उभी होती, पण बाहेर आली नाही. मी पडद्याकडे बघून सगळं बोलले. पाय हलले नाहीत.

तिची आई मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. रागावली नाही. म्हणाली, "तू आलीस की ती दोन दिवस जेवत नाही. तुला बरं वाटावं म्हणून तिने का उपाशी राहायचं?" मग मी जायचं बंद केलं. आता बाजारात जायचं असलं तर मी मागच्या गल्लीने जाते, म्हणजे दुकानासमोरून जावं लागत नाही. लांब पडतं.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आत्याने भाजी परत गरम केली, मग झाकून ठेवली.

वीस तारखेला येऊ नका.

ठकी